छायाचित्रात जात का दिसत नाही?

‘फोटो खोटे बोलत नाही’ ही समजूत आपल्या समाजात खोलवर रुजलेली आहे. तलाठ्याचा कागद खोटा असू शकतो, पंचनामा खोटा असू शकतो, पंचाची साक्ष तर हमखास फिरते. पण फोटो मात्र खरा, असे आपली माणसे मानतात. ज्यांच्या हाती शतकानुशतके अक्षर लागू दिले गेले नाही, त्यांनी अक्षरापेक्षा चित्रावर अधिक विश्वास ठेवावा यात नवल नाही. अक्षराने त्यांना वारंवार फसविले आहे. कोऱ्या कागदावर अंगठे उमटवून घेऊन जमिनी गेल्या, त्या अक्षरानेच गेल्या. म्हणून आज एखाद्या वस्तीवर हल्ला झाला की कार्यकर्त्याच्या तोंडून पहिला प्रश्न येतो, ‘फोटो काढलेत का?’ हा प्रश्न योग्यच आहे. परंतु फोटो काढला म्हणजे अन्याय सिद्ध झाला, असे आपण मानू लागलो तर मात्र घोटाळा होतो. छायाचित्र दुःख दाखवू शकते; अन्याय ते आपोआप दाखवीत नाही, एवढेच मला या लेखात मांडायचे आहे. दुःख एका माणसाच्या अंगावर असते. अन्याय दोन माणसांमधल्या संबंधात असतो. आणि हा संबंध कॅमेऱ्यात सहजासहजी येत नाही.

महाविद्यालयात समाजशास्त्र शिकविताना मी दरवर्षी वर्गात एक साधा प्रयोग करतो. वर्तमानपत्रातले एक छायाचित्र घेतो, त्याखालची ओळ कापून टाकतो आणि मुलांना विचारतो, काय दिसते? एका वर्षी चित्र होते गटाराच्या तोंडातून कमरेपर्यंत वर आलेल्या माणसाचे. उघडे अंग, काळा गाळ, हातात बादली. मुलांनी उत्तरे दिली: गरिबी दिसते, घाण दिसते, नगरपालिकेचा निष्काळजीपणा दिसतो, हातमोजे दिलेले नाहीत. एकाने सांगितले, दारू प्यायला असेल. जात कोणी म्हटले नाही. शेवटी मागच्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, “सर, हा आमच्यातला आहे.” कशावरून, असे मी विचारले. ती म्हणाली, “दुसरं कोण उतरतं?”

तिला जे दिसले ते चित्रात नव्हते. ते तिच्या घरात होते. बाकीच्यांच्या घरात ते नव्हते, म्हणून त्यांना ते दिसले नाही. चित्र एकच, पाहणारे दोन, आणि अर्थही दोन. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ साली कायदा झाला, २०१३ साली अधिक व्यापक कायदा झाला. तरीही गटारात माणसे उतरतात, मरतात, आणि त्यांचे फोटो ‘सुरक्षा साधनांचा अभाव’ अशा मथळ्याखाली छापून येतात. साधनांचा अभाव खराच आहे. पण हातमोजे दिले असते तर त्या गटारात कोणत्या घरातला माणूस उतरला असता, हा प्रश्न त्या मथळ्याच्या बाहेरच राहतो.

याचे कारण अस्पृश्यतेच्या स्वरूपातच आहे. अस्पृश्यता ही मुख्यतः ‘न घडणारी’ गोष्ट आहे. पाणी न देणे, घरात न घेणे, शिवू न देणे, बोलणे टाकणे, दळण बंद करणे, कामावर न बोलावणे. जे घडते त्याचा फोटो काढता येतो. जे घडू दिले जात नाही त्याचा कसा काढायचा? महाडचे चवदार तळे घ्या. १९२३ साली मुंबई कायदेमंडळात बोले यांचा ठराव मंजूर झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेनेही आपले तळे खुले केल्याचा ठराव केला. तरी त्या तळ्याचे पाणी अस्पृश्यांच्या ओंजळीत आले नाही. समजा, १९२५ साली एखाद्या छायाचित्रकाराने त्या तळ्याचा फोटो काढला असता, तर त्यात काय आले असते? पाणी, पायऱ्या, घागरी, शांत दुपार. एक सुंदर निसर्गचित्र! जो काठावर येऊच शकत नव्हता तो त्या चित्रात कुठून येणार? २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आणि हजारो माणसे त्या पायऱ्या उतरली, तेव्हा अन्याय प्रथम डोळ्यांना दिसू लागला. म्हणजे तो दृश्य झाला तो कॅमेऱ्यामुळे नव्हे, संघर्षामुळे. चित्राच्या आधी चळवळ असावी लागते, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

आता दुसरा प्रश्न. कॅमेरा आपल्याकडे आला तो कुणाच्या हातून आणि कशासाठी? १८५७ च्या उठावानंतर इंग्रज सरकारला आपल्या प्रजेची नीट ओळख करून घेण्याची निकड वाटू लागली. त्यातून ‘द पीपल ऑफ इंडिया’ हा प्रचंड चित्रसंग्रह उभा राहिला. फोर्ब्ज वॉटसन आणि जॉन विल्यम के यांनी संपादिलेले त्याचे आठ खंड १८६८ ते १८७५ या काळात निघाले आणि त्यांत साडेचारशेहून अधिक छायाचित्रे होती. यांतील बहुतेक चित्रांखाली माणसाचे नाव नाही. जातीचे किंवा जमातीचे नाव आहे. सोबतच्या मजकुरात ती जमात विश्वासू की चोरटी, शांत की भांडखोर, असे शेरे आहेत. एक माणूस उभा करायचा आणि त्याच्यावरून एक जमात ओळखायची, अशी ही रीत. संग्रहालयात पाखरे टाचणीने टोचून मांडतात त्यातलाच हा प्रकार.

मुंबईत याच सुमारास विल्यम जॉन्सन नावाच्या छायाचित्रकाराने येथील जातीजमातींच्या चित्रांचे दोन खंड १८६३ आणि १८६६ साली प्रसिद्ध केले. त्याची एक हिकमत सांगण्याजोगी आहे. माणसांचे फोटो तो आपल्या चित्रशाळेत घेई, त्या आकृती कापून काढी आणि वेगळ्याच देखाव्यावर चिकटवी. म्हणजे माणूस एकीकडचा आणि त्याच्या पाठीमागचा देखावा दुसरीकडचा. ‘फोटो खोटे बोलत नाही’ असे म्हणणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की, फोटोशी खेळणे ही आजच्या संगणकाची करामत नाही. ती आपल्याकडच्या छायाचित्रणाच्या जवळजवळ जन्मापासूनची आहे.

ही परंपरा इंग्रजांबरोबर गेली असे समजू नये. माझ्या आजीचा आमच्या घरात एकच फोटो आहे, तो मतदार ओळखपत्रावरचा. वडिलांचा पहिला फोटो निघाला तो सरकारी योजनेच्या अर्जासाठी. माझा स्वतःचा पहिला फोटो शिष्यवृत्तीच्या अर्जावर चिकटविला गेला आणि त्याच्या शेजारच्या रकान्यात जात लिहिली गेली. घरात पदवीपर्यंत पोहोचलेला मी पहिला. पण त्या सगळ्या वाटेवर आमची छायाचित्रे निघाली ती कार्यालयाला हवी होती म्हणून, आम्हांला हवी होती म्हणून नव्हेत. सवर्ण मित्रांच्या घरी गेलो की भिंतीवर आजोबा-पणजोबा दिसत, लग्नाचे, मुंजीचे, बढतीचे फोटो दिसत. त्यांच्याकडे फोटो म्हणजे आठवण. आमच्याकडे फोटो म्हणजे ओळख पटविणे. हा फरक किरकोळ नाही. ज्या समाजाला स्वतःच्या आनंदाचे चित्र काढण्याची ऐपत नव्हती, त्याची जगापुढे गेलेली सगळी चित्रे दुःखाचीच आहेत. मग जगाला वाटते की हा समाज म्हणजे फक्त दुःखच.

कॅमेरा सहानुभूतीने धरलेला असला तरी हा प्रश्न सुटत नाही. अमेरिकेतील मंदीच्या काळात, १९३६ साली, डोरोथिया लँग या छायाचित्रकर्तीने कॅलिफोर्नियात मजुरांच्या तळावर एका आईचा फोटो घेतला. खांद्यांवर डोकी टेकवून पाठमोरी झालेली दोन मुले, मांडीवर तान्हे, हनुवटीपाशी टेकलेला हात आणि दूर कुठेतरी लागलेली नजर. ‘स्थलांतरित आई’ या नावाने हे चित्र जगभर गेले. लँगची तळमळ खरी होती. परंतु तिने त्या बाईचे नाव विचारले नव्हते. सुमारे चाळीस वर्षांनी, १९७८ साली, ती बाई कोण हे उजेडात आले: फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन. आपल्या चित्रातून आपल्याला काहीच मिळाले नाही, अशी खंत तिने बोलून दाखविली. आणि आणखी एक गोष्ट कळली. ती चेरोकी या मूळनिवासी जमातीची होती. इतकी वर्षे अमेरिका तिच्याकडे गोऱ्या गरीब आईचे प्रतीक म्हणून पाहत होती! गरिबी दिसली, जमात दिसली नाही. माझ्या वर्गात घडले तेच तेथे एका राष्ट्राच्या बाबतीत घडले.

मग छायाचित्र निरुपयोगी समजायचे काय? मुळीच नाही. ते साक्षीदार आहे. पण साक्षीदाराची जबानी नीट नोंदवावी लागते. ही नोंद कशी करावी याचा धडा लुईस हाइन या अमेरिकन माणसाने घालून दिला आहे. हाइन मुळात शिक्षक होता. १९०८ पासून त्याने बालमजुरीविरोधी समितीसाठी गिरण्या, खाणी, काचकारखाने येथे राबणाऱ्या मुलांचे फोटो काढले. मालक आत येऊ देत नसत, म्हणून कधी तो विमाविक्रेता बनून जाई, कधी यंत्रांचे फोटो काढायला आलो म्हणून सांगे. मुलाची उंची तो आपल्या कोटाच्या गुंड्यांवरून ताडून घेई. मुलाचे नाव, वय, कामाचे तास, मजुरी, ठिकाण, तारीख हे सारे तो गुपचूप टिपून घेई. त्यामुळे मालकाला ‘ही मुले आमची नव्हेत’ असे म्हणण्यास जागा राहिली नाही. हाइनच्या चित्रांची शक्ती मुलांच्या केविलवाण्या चेहऱ्यांत नाही, ती चित्राखालच्या चार ओळींत आहे. चेहरा दया उत्पन्न करतो. तारीख, ठिकाण आणि मजुरीचा आकडा जबाबदारी निश्चित करतो.

ठिकाण आणि वेळ यांना किती मोल आहे, हे आपण ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पाहिले. बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले आणि राज्य राखीव पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे मारली गेली. जमाव गॅसचे टँकर पेटवून देणार होता, म्हणून गोळीबार करावा लागला, असे समर्थन पुढे आले. जळणारी वाहने पडद्यावर दिसली की घरी बसलेल्या प्रेक्षकाला हे समर्थन पटते. परंतु आग आणि गोळीबार यांपैकी आधी काय घडले, त्यांच्यात अंतर किती होते, हे नुसते ज्वाळांचे दृश्य सांगत नाही. एकामागून एक दाखविलेली दोन दृश्ये पाहणाऱ्याच्या मनात आपोआप कार्यकारणाने जोडली जातात. ही चलत्चित्राची मोठी ताकद आणि मोठा धोकाही आहे. न्यायमूर्ती गुंडेवार आयोगाने तो गोळीबार असमर्थनीय ठरविला आणि संबंधित अधिकाऱ्याला २००९ साली सत्र न्यायालयाने जन्मठेप सुनावली. आनंद पटवर्धन यांनी ‘जयभीम कॉम्रेड’ या २०११ च्या माहितीपटात या साऱ्या प्रकरणाचा आणि त्यानंतरच्या शाहिरी चळवळीचा वेध घेतला. दृश्याला उत्तर द्यायला दृश्यच लागते, हे त्यावरून कळते.

खैरलांजीने याहून कठीण प्रश्न उभा केला. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातल्या या गावात एका दलित कुटुंबातील चौघांची, आई, मुलगी आणि दोन मुलगे यांची, हत्या झाली. सुरुवातीचे दिवस मोठ्या वृत्तपत्रांच्या दृष्टीने ही एक गुन्ह्याची बातमी होती. कार्यकर्त्यांनी केलेले सत्यशोधन आणि मृतदेहांची छायाचित्रे हातोहात पसरली, तेव्हा कुठे नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्र पेटला. छायाचित्राने येथे झोप उडविली हे मान्य केले पाहिजे. परंतु त्या माय-लेकींच्या उघड्या देहांची चित्रे चौकाचौकात लागावीत काय? त्यांची संमती कोण देणार होते? शिकागोच्या मॅमी टिल या काळ्या मातेने १९५५ साली आपल्या चौदा वर्षांच्या मुलाची, एमेटची, शवपेटी उघडी ठेवली. मिसिसिपीतल्या गोऱ्यांनी त्याचा चेहरा ओळखू येणार नाही असा केला होता. तो जगाने पाहावा असा निर्णय तिने घेतला. ‘जेट’ या काळ्यांच्या साप्ताहिकाने तो फोटो छापला. तेथे निर्णय आईचा होता. आपण निर्णय घेतो तेव्हा तो कुणाच्या वतीने घेतो, हे प्रत्येक वेळी स्वतःला विचारणे भाग आहे.

आणि खैरलांजीचा शेवट काय झाला? २००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरविले, सहा जणांना फाशी सुनावली. पुढे २०१० साली उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेवर आणली. परंतु अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू झाला नाही. हत्या मान्य झाली, तिच्यामागची जात मान्य झाली नाही. छायाचित्रात जखमा होत्या, त्या सर्वांना दिसल्या. जात होती ती गावात, बांधावरच्या वादात, विटामातीच्या घराला पक्के होऊ न देणाऱ्या मनात. ती कॅमेऱ्यात आली नाही आणि निकालपत्रातही आली नाही.

बरोबर ११ जुलै याच तारखेला, २०१६ साली, गुजरातमधील उना येथे मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या दलित तरुणांना गाडीला बांधून मारले गेले. येथे चित्रण केले ते मारणाऱ्यांच्याच बाजूने आणि पसरविलेही त्यांनीच. का? कारण आपण करतो ते पुण्यकर्म आहे आणि पाहणारा आपल्याच बाजूचा आहे, याविषयी त्यांना शंका नव्हती. अमेरिकेत काळ्या माणसांना झाडाला लटकविल्यावर गोरी कुटुंबे त्या प्रेतासमोर उभी राहून फोटो काढीत, त्यांची टपालपत्रे छापून नातलगांना पाठवीत. ती वृत्ती आणि ही वृत्ती एकच. पण उन्यात एक हिशेब चुकला. ते चित्रण आमच्याही हाती आले. ज्याला त्यांनी पराक्रमाचे प्रदर्शन मानले, त्याला आम्ही गुन्ह्याचा पुरावा मानले. मेलेली गुरे सरकारी कचेऱ्यांपुढे नेऊन टाकण्यात आली, आणि ऑगस्टमध्ये अहमदाबादहून उन्यापर्यंत मोर्चा निघाला. चित्र तेच होते; पाहणारा बदलला आणि अर्थ उलटला.

हा उलटा अर्थ कसा घडवावा, हे बाबासाहेबांना फार आधी उमगले होते. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला जमलेल्या स्त्रियांना त्यांनी सांगितले की, लुगडे नेसण्याची पद्धत बदला, जातीची खूण पटविणारे दागिने टाकून द्या. जात अंगावर दिसावी अशी व्यवस्थेने सोय करून ठेवली होती. ती खूण पुसणे हे त्यांनी मुक्तीचे काम मानले. त्यांचा सूट हाही त्याच विचाराचा भाग आहे. काही विद्वानांना तो साहेबी थाट वाटतो. ज्यांच्या पूर्वजांना धड वस्त्र नेसण्याचीही बंदी होती, त्यांना मात्र त्या सुटाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. गुलामगिरीतून निसटलेला फ्रेडरिक डग्लस हा एकोणिसाव्या शतकातला सर्वाधिक छायाचित्रे निघालेला अमेरिकन मानला जातो. त्याची सुमारे १६० छायाचित्रे ज्ञात आहेत. काळ्या माणसाची हास्यास्पद चित्रे काढणाऱ्या गोऱ्यांना उत्तर म्हणून तो नीटनेटक्या पोषाखात, करारी मुद्रेने कॅमेऱ्यासमोर बसे. दोन खंडांतल्या दोन माणसांनी एकाच रोगावर एकच उपाय शोधला, हा केवळ योगायोग नव्हे. आपल्या झोपडीतही भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो असतो. घरातल्या माणसांचा एकही फोटो नसताना तो असतो. तो आमचा पहिला स्वतः निवडलेला फोटो आहे.

अशीच आणखी एक निवड नामदेव व्हटकर यांनी केली. ७ डिसेंबर १९५६ रोजी मुंबईत बाबासाहेबांची अंत्ययात्रा निघाली. तिचे चित्रण करण्यासाठी व्हटकर पदरमोड करून उभे राहिले. आज तो जनसागर आपण पाहू शकतो तो त्यांच्यामुळे. अलीकडच्या काळात सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांत राहून, त्यांच्या घरात, कामावर, दुखण्यात सोबत करून जी छायाचित्रे काढली, ती या वाटेवरचीच आहेत. आणि नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ (२०१३) मधले एक दृश्य तर माझ्या मते या लेखाच्या प्रश्नाला दिलेले उत्तरच आहे. मारलेले डुक्कर काठीला बांधून जब्याचे कुटुंब शाळेच्या भिंतीवरून जाते, आणि त्या भिंतीवर आंबेडकर, सावित्रीबाई, गाडगेबाबा रंगविलेले आहेत. गणराज्याचे वचन आणि गावाची रीत एकाच चौकटीत. जातीचा संबंध कॅमेऱ्यात येत नाही असे मी म्हटले. तो आणता येतो, पण तो आणण्यासाठी दोन्ही टोके चौकटीत धरणारी नजर लागते. त्या चित्रपटाच्या अखेरीला जब्याने भिरकावलेला दगड थेट पाहणाऱ्याच्या रोखाने येतो. पाहणारा तटस्थ नसतो, हे त्याहून स्पष्ट कसे सांगणार?

विद्यार्थी मित्रांनी आणि शिक्षकांनी कोणतेही छायाचित्र समोर आले की चार प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी. कॅमेरा कुणाच्या हाती होता? चौकटीच्या बाहेर कोण उभे आहे? खालची ओळ कुणी लिहिली? आणि हे चित्र कुणी पाहावे म्हणून काढले? आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, आणि न घडलेल्या घटनेचे हुबेहूब चित्र यंत्राकडून बनवून घेता येते. त्यामुळे उद्या खरा फोटोही ‘बनावट’ म्हणून झटकून टाकला जाईल. अशा काळात फोटोपेक्षाही फोटोची नोंद महत्त्वाची ठरणार आहे.

कार्यकर्त्यांना माझी विनंती साधी आहे. वस्तीत जा तेव्हा जखमेचा फोटो काढा, पण त्याच वेळी विहीर, रस्ता, बांध, वस्ती आणि गाव यांच्यामधले अंतर यांचेही फोटो काढा. तारीख, वेळ, ठिकाण आणि फोटो काढणाऱ्याचे नाव लगेच लिहून ठेवा. मूळ प्रत जपा. ज्याचा फोटो काढला त्याला विचारा, त्याचे नाव लिहा, आणि नाव उघड केल्याने त्याच्यावर संकट येणार असेल तर ते वेगळ्या वहीत सांभाळा. आणि आपल्या माणसांचे फोटो फक्त मार खाल्ल्यावरच काढू नका. चौदा एप्रिलला, नोकरीच्या पहिल्या दिवशी, मुलगी पदवी घेऊन घरी आली त्या दिवशीही काढा. घरोघरच्या पत्र्याच्या पेट्यांत मोर्च्यांचे, परिषदांचे, दीक्षेचे फोटो कुजत पडले आहेत. त्यांतली माणसे ओळखणारे वृद्ध अजून काही घरांत हयात आहेत. त्यांच्यापाशी बसा आणि प्रत्येक फोटोच्या पाठीवर नावे लिहून घ्या. हे काम या वर्षीच केले पाहिजे.